पाठीमागं जेऊर

जुन्या घरातले फोटो पुढं वाकून आपल्याकडं बघायचे. आढ्याखाली ओळीनं खिळे, खिळ्यांना सुतळी आणि सुतळीवर पुढं कललेल्या तसबिरी. पहिला मान देवांचा. मग शिवाजी महाराज, बाबासाहेब, जोतिबा, ज्याच्या त्याच्या घराप्रमाणं. त्यानंतर घरातली गेलेली माणसं, काचेवर कुंकवाचा ठिपका घेऊन. जिवंत माणसांना जागा मिळायची ती शेवटी, एकाच मोठ्या फ्रेममध्ये, पासपोर्ट, पोस्टकार्ड आणि कॅबिनेट साइझ शेजारी शेजारी दाटीवाटीनं चिकटवून. तसबिरींच्या मागं चिमण्या घरटी करायच्या. काड्या खाली पडल्या की आई वैतागायची, पण घरटं काढू द्यायची नाही.

जेऊर हे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं रेल्वेचं गाव. 1859 साली दिक्सळपासून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, रूळ पडले आणि त्या वाटेवर जेऊर आलं. करमाळ्याला अजूनही रेल्वे नाही. करमाळेकरांना गाडी धरायची तर जेऊरलाच यावं लागतं. आमचे आबा याच लाईनीवर गँगमन होते, वडीलही पुढं रेल्वेतच लागले. सख्खी, चुलत, आते अशी आम्ही सगळी भावंडं एकाच घरात त्या तसबिरींखाली झोपलो, अभ्यासाला बसलो, आजारपणात पडून राहिलो. चित्र कसं बघायचं हे आम्हाला त्या भिंतीनं शिकवलं. एक गोष्ट मात्र बरीच वर्षं कुणाच्याच ध्यानात आली नाही. त्या एवढ्या फोटोंमध्ये आमचं जेऊर कुठंच नव्हतं.

देवांच्या चित्रांपासून सांगायला हवं, कारण रंगांची पहिली ओळख तिथलीच. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या ओलिओग्राफांनी लक्ष्मी आणि सरस्वती गरिबाच्या घरातही नेऊन पोचवल्या. एका चित्राला अनेक दगड लागायचे. एकेका रंगाचा एकेक दगड, आणि छापावर छाप पडत गेला की लक्ष्मीच्या गालावर ती मऊ झाक उमटायची. आमची लक्ष्मी त्याच घराण्यातली, बऱ्याच नकलांनंतर आमच्यापर्यंत पोचलेली. कमळ तेच, हत्ती तोच, लुगडं तेच, फक्त लाल रंग थोडा रेषेबाहेर गेलेला. चुलत्यांनी, म्हणजे आमच्या नानांनी, तो रंग दाखवून सांगितलं होतं, "छापताना कागुद जरासा सरकलाय. त्यो सरकला नसता तर तुला कळलं बी नसतं की रंग येगळा छापत्यात." छपाईचा पहिला धडा असा चुकलेल्या छापातून मिळाला.

मग कॅलेंडरं आली. दुकानदाराकडून मिळालेलं कॅलेंडर वर्ष संपलं की तारखा कापून भिंतीवर जायचं. रघुवीर मुळगावकरांचे देव त्यातूनच घरात आले. त्यांच्या चित्रात उजेड अंगातून यायचा. कृष्णाच्या निळ्या खांद्याची कडा कुठं संपते आणि मागचं धुकं कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. दीनानाथ दलालांची गोष्ट वेगळी. त्यांनी 1945 साली 'दीपावली' अंक सुरू केला, आणि आमच्याकडं त्याचे जुने अंक रेल्वे क्वार्टर्समधल्या शेजाऱ्यांकडून यायचे, मुखपृष्ठ शाबूत असेल तर नशीब. आमची थोरली बहीण, आक्का, दलालांच्या रेषेवरून बोट फिरवायची. म्हणायची, "बघ, मान एकाच रेघेत काढलीय. पेन उचललाच नाही." आम्ही पाटीवर तसं करायला जायचो आणि मान खांद्यापर्यंत पोचायच्या आधीच लेखणी थांबायची. चांगलं चित्र म्हणजे काय, ते जमलं नाही की नीट समजतं.

शाळेतल्या चित्रकलेच्या वहीत मात्र सगळ्यांचं चित्र एकच. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणं घेत येणारी नदी, काठावर नारळाचं झाड आणि आभाळात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. जेऊरला डोंगर नाही. नारळ आम्ही पाहिला होता तो फोडायचा. आमच्या भोवती काळं रान, बाभळी, कडब्याच्या गंजी, शाळूची ताटं आणि लांबच लांब माळ. यातलं काहीही चित्रात काढण्याजोगं आहे असं कुणाला वाटतच नव्हतं.

एलिमेंटरी परीक्षेत तेव्हा स्मरणचित्राचा पेपर असायचा. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी वह्या तपासल्या आणि ते सगळ्यांना घेऊन थेट फलाटावर आले. "आठवून काढायचं तर आधी बघितलेलं पाहिजे," एवढंच म्हणाले आणि रुळांच्या टोकाला बोट केलं. यथार्थदर्शन शिकवायला जेऊरच्या सपाट रानातल्या रुळांसारखं दुसरं साधन नाही. दोन्ही रूळ लांब जाऊन एका ठिपक्यात मिळतात, तारेचे खांब त्याच ठिपक्याकडं बुटके होत जातात आणि तो ठिपका बरोब्बर आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. सरांनी आम्हाला उभं राहून बघायला लावलं, मग खाली बसवलं. बसल्यावर क्षितिजही आमच्याबरोबर खाली आलं! मालगाडीच्या डब्याची सावली काळी नसून निळसर आहे, ती खडीवरून जाताना तुटत तुटत जाते, हेही त्यांनी दाखवलं. त्या वर्षी आमच्यातल्या एकानं स्मरणचित्रात नारळाऐवजी सिग्नल काढला. सरांनी ती वही सगळ्या वर्गांतून फिरवली.

तरी फोटो काढायची वेळ आली की गाव पुन्हा नाहीसं व्हायचं. फोटो काढायचा म्हणजे करमाळ्याला किंवा कुर्डुवाडीला जायचं. सकाळी आंघोळी, डोक्याला तेल, इस्त्रीचे कपडे पिशवीत घडी घालून न्यायचे आणि स्टुडिओतल्या आडोशाला बदलायचे. आत गेलं की आरसा, कंगवा, पावडरचा डबा आणि खुंटीला एक काळा कोट. तो कोट तालुक्यातल्या किती नवरदेवांच्या अंगावर चढला असेल याचा हिशेब नाही. आणि पाठीमागं पडदा. पडद्यावर संगमरवरी खांब, पायऱ्या, कारंजं, त्यापलीकडं कुठल्यातरी राजवाड्याची बाग. त्या पायऱ्यांच्या पुढं लाकडी खुर्चीवर आमचे आबा बसलेले, हातात वायर नसलेला टेलिफोन. "हनुवटी खाली. डोळं हितं. हालू नका," असं म्हणत फोटोवाले काळ्या कापडाखाली शिरायचे आणि आम्ही श्वास धरून ठेवायचो.

आमच्यातला एक आतेभाऊ सुट्टीत अशाच एका स्टुडिओत हाताखाली राहिला. तो गावाकडं आला की आम्ही रात्री अंगणात त्याच्याभोवती बसून डार्करूमची वर्णनं ऐकायचो. लाल बल्ब लावलेली बोळकांडी, तीन ट्रे, चिमटे. एन्लार्जरमधून निगेटिव्हचा उजेड कागदावर पाडायचा, मनात आकडे मोजायचे आणि कोराच दिसणारा कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा. ट्रे हलका हलका हलवत राहायचं. आधी उमटतात केस आणि डोळ्यांची बुबुळं, कारण जे सगळ्यात काळं ते सगळ्यात आधी येतं. मग कोट. मग पडद्यावरच्या खांबांची सावली. चेहरा शेवटी भरतो. बरोबर वेळेला कागद उचलून हायपोमध्ये टाकला नाही, तर माणूस बघता बघता काळवंडून जातो. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं देवीचे व्रण आणि सुरकुत्या घालवायचं काम मात्र मालक स्वतः करायचे. कुणी पैसे जास्त दिले तर ओठांवर आणि लुगड्यावर हातानं रंगही भरायचे. आम्हाला त्या कसबाचं फार कौतुक वाटायचं, अजूनही वाटतं. त्या माणसांनी कमी साधनांत उजेडाला वळण लावलं. चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी किंचित अंधारात ठेवली की नाक सरळ आणि माणूस भारदस्त दिसतो, हे त्यांनी कुठल्याही कला शाळेत न जाता ओळखलं होतं.

पण त्या पडद्यानं आमच्याकडून काय घेतलं, ते कळायला उजनी धरण भरावं लागलं.

आजीचं माहेर भीमेच्या काठी. ती लहान असताना तिच्या माहेरची सगळी माणसं कार्तिकीला पंढरपूरला गेली आणि तिथं एका फोटोवाल्याकडं फोटो काढला. मागं रंगवलेले विठ्ठल-रुक्मिणी, पुढं पागोटी बांधलेले पुरुष, डोईवर पदर घेतलेल्या बायका, खाली पोरं. 1980 साली उजनीचं काम पुरं झालं. 117 टीएमसीचं पाणी करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत तालुक्यांतल्या गावांवर पसरलं आणि आजीचं माहेर त्याच्या खाली गेलं. माणसं उठून दुसरीकडं बसली. गावाचा मात्र एकही फोटो कुणाकडं नव्हता. वेस, पार, घाट, चिंचेखालचं मारुतीचं देऊळ, काहीच नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक बघायला जातात. आजीच्या गावात वर येण्याएवढं उंच देऊळ नव्हतं. पाणी फारच हटलं तर घरांची जोती दिसायची. ती नातवांना घेऊन जायची आणि चिखलात उभी राहून सांगायची, "हितं सोपा. हितं बळद. हितं माझी आय दळायची." घरी आल्यावर पंढरपूरचा फोटो खाली काढायला लावायची आणि काचेवर हात फिरवत म्हणायची, "माणसं समदी हायती. घर न्हाई आलं ह्यात."

आमच्या जिल्ह्यानं देशाला दिलेला सगळ्यात मोठा चित्रकार पंढरपूरचाच. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म तिथं 1915 सालचा. त्यांची आई ते तान्हे असतानाच गेली आणि तिचा एकही फोटो नव्हता. चेहरा आठवत नाही ही सल त्यांनी स्वतः सांगितली आहे. पुढं त्यांनी मदर तेरेसांची चित्रं काढली, त्यांत निळ्या काठाचं पांढरं लुगडं आहे, मांडीवर मूल आहे आणि चेहऱ्याच्या जागी रिकामी जागा आहे. ती चित्रं आम्ही मोठेपणी पुस्तकात पाहिली. घरातल्या सगळ्यांना पहिल्यांदा आठवली ती आजी. हुसेन यांच्याकडं चेहरा नव्हता, आजीकडं चेहरे होते आणि घर नव्हतं. फोटोत जे आलं नाही त्याचा माणूस आयुष्यभर कसा शोध घेतो, हे आम्हाला त्या दोघांवरून समजलं.

बहात्तरच्या दुष्काळाचंही तसंच. त्या वर्षी आमच्या घरातली माणसं खडी फोडायला गेली, लाल मिलो खाल्ला, पोरांनी सुकडीसाठी रांगा लावल्या. सोलापूर जिल्हा त्या वर्षी कसा दिसत होता हे आमच्या आयांच्या बोलण्यात पक्कं आहे. घरच्या फ्रेममध्ये मात्र त्या वर्षाचा एकही फोटो नाही. फोटो लग्नाचे, बारशाचे, नोकरीच्या अर्जाचे. कामाचे, उन्हाचे, टंचाईचे नाहीत. ज्या हातांनी घर चाललं ते हात फोटोत एक तर मांडीवर घडी करून ठेवलेले, नाहीतर टेलिफोन धरलेले.

याला आमच्या घरापुरता छेद मिळाला तो वडिलांच्या कॅमेऱ्यामुळं. त्यांनी कुणाकडून तरी जुना आग्फा क्लिक थ्री घेतला. काळा, हलका, डब्यासारखा. उजेडासाठी त्यात जेमतेम दोनच खुणा, ऊन आणि ढग. 120 चा रोल, त्यात 12 फोटो. मागच्या लाल खिडकीत कागदावरचा आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची. आकडा नीट मधोमध आला की थांबायचं. एक रोल दिवाळीला घातला की आखाजीपर्यंत पुरवायचा, त्यामुळं प्रत्येक फोटोआधी घरात खल व्हायचा. वडिलांचा एकच नियम, ऊन आपल्या पाठीवर पाहिजे. त्यामुळं सकाळच्या फोटोंत पुढच्या जमिनीवर त्यांची लांब सावली पडलेली असते, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. त्यांनी स्वतःचा फोटो कधी काढून घेतला नाही. आमच्या अल्बममध्ये ते सावलीनंच जागोजागी आहेत.

आक्काला स्थळं येऊ लागली तेव्हा दाखवायला फोटो हवा होता. स्टुडिओचा खर्च नको म्हणून अंगणातच काढायचं ठरलं. मागची भिंत पोपडे आलेली, म्हणून तिच्यावर सोलापुरी चादर धरली. एक टोक खिळ्याला अडकवलं, दुसरं टोक धरायला आजी उभी राहिली. चादरीच्या आड दिसणार नाही अशी ती उभी होती, निदान तसं सगळ्यांना वाटलं. रोल धुऊन आला. क्लिक थ्रीचा फोटो 6 सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद, बोटांत धरून बघायचा. मधोमध आक्का, वेणी पुढं घेतलेली, ओठ घट्ट मिटलेले. मागं चादरीवरची जाड फुलं. पण चादर अपुरी पडली होती. डावीकडं भिंतीचा पट्टा आलाय, त्यात पणतीचा कोनाडा आणि त्याच्यावर चढलेली काजळी. खाली बंब, शेजारी कोळशाचा ढीग. उजवीकडं कडब्याची गंजी आणि तिच्या वर, अगदी कडेला, सिग्नलचा हात. आणि चादरीच्या काठावर आजीची चार बोटं, त्यातल्या एकात चांदीचं वेढं. नीट बघितलं तर चादरीखाली तिची पावलंही दिसतात, टाचा उचललेली.

फोटोवाल्यानं सांगितलं, "कडा कापून देतो, नुसता चेहरा मोठा करतो. बरं दिसंल." तसा एक करून घेतला, आणि त्याच फोटोवर आक्काचं लग्न जमलं. पण वडिलांनी तो छोटा अख्खा फोटोही ठेवला. पुढं बऱ्याच वर्षांनी, आजी गेल्यानंतर, तो घरात पुन्हा सापडला तेव्हा आम्ही सगळी भावंडं त्याच्यावर वाकलो. आक्काकडं कुणी बघतच नव्हतं. आक्का स्वतःसुद्धा आजीची बोटं बघत होती. कोनाडा, बंब, गंजी, सिग्नल. भिंतीवरच्या इतक्या तसबिरींतून जे सुटलं होतं ते या एका कडेत येऊन बसलं होतं. लपवायला धरलेली चादर अपुरी पडली म्हणून आमचं घर वाचलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात फोटो बघायची रीत बदलली. आधी कडा बघायच्या, मग चेहरा. नवा फोटो हातात आला की आईसुद्धा विचारायची, "मागं काय दिसतंय बघा."

बाहेरच्या जगात तोवर पडदा आणखी भारी झाला होता. लग्नात व्हिडिओ शूटिंग आलं आणि मांडवाच्या जागी चौकटीतून फिरत येणारी फुलं आणि बदामाचे आकार आले. मग कॅरिझ्मा अल्बम आले. त्यात जेऊरच्या मंडपात उभं राहिलेलं जोडपं स्वित्झर्लंडच्या बर्फात नाहीतर ट्यूलिपच्या शेतात कापून चिकटवलेलं असायचं. जुन्या स्टुडिओतल्या कारंज्याचीच ही पुढची पायरी. आम्ही ते अल्बमही प्रेमानं बघितले, त्यात आमचीच पोरं-बाळं आहेत. पण त्या पानांत मांडवाखालची माती शोधून सापडत नाही, पंगतीत वाढणारे हात सापडत नाहीत, आणि हलगी वाजवणारा तर कधीच सापडत नाही.

म्हणूनच नागराज मंजुळे यांचं काम आमच्या पिढीला इतकं आतून लागलं. ते जेऊरचे, 1977 सालचे. पुण्यात मराठीचं एम. ए. केलं, नगरला संज्ञापनाचं शिक्षण घेतलं, कविता लिहिल्या. 'पिस्तुल्या' हा त्यांचा लघुपट 2010 सालचा, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग 'फँड्री' आला, 2014 च्या फेब्रुवारीत तो चित्रपटगृहांत लागला. त्यातला जब्या म्हणजे आमच्या शेजारच्या केमचा सोमनाथ अवघडे. केम हे कुंकवाचं गाव. आमच्या तसबिरींवरचा ठिपका तिथलाच. तिथलं पोर पडद्यावर एवढं मोठं दिसेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

'फँड्री'तलं एक दृश्य आम्ही घरात किती वेळा बोललो असू. पकडलेलं डुक्कर काठीला उलटं बांधून जब्याच्या घरची माणसं खांद्यावरून घेऊन चाललीत. कॅमेरा त्यांच्याबरोबर आडवा सरकतो. पाठीमागं शाळेची भिंत, आणि भिंतीवर रंगवलेले बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. पात्रं एक शब्द बोलत नाहीत. पुढून डुक्कर जातंय, मागून ते चेहरे बघतायत. अशी भिंत आमच्या प्रत्येक गावात आहे, आम्ही तिच्यासमोरून रोज शाळेत गेलो. कॅमेरामन विक्रम अमलादी यांनी तिथं फार कसरत केलेली नाही, फक्त मागचं सगळं स्वच्छ दिसेल एवढं अंतर ठेवलं आहे. तेवढ्या अंतरात महाराष्ट्राची दीडशे वर्षं येऊन उभी राहतात. पाठीमागचा भाग चित्रात काय करू शकतो, याचा याहून मोठा धडा आम्ही दुसरीकडं पाहिला नाही.

मंजुळे यांचाच 'सैराट' 29 एप्रिल 2016 ला आला. त्याआधी तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता. करमाळा तालुक्यातली आमची रोजची ठिकाणं त्यात होती: श्रीदेवीच्या माळावरची कमलाभवानीची 96 पायऱ्यांची विहीर, उजनीचं पाणी, केळीच्या बागा, उसाची रानं, एक वठलेलं झाड. त्या विहिरीवर आम्ही नवरात्रात जायचो, पायऱ्या मोजायचो, उतरायला भ्यायचो. पडद्यावर तीच विहीर सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या कॅमेऱ्यातून दिसली तेव्हा पायऱ्यांची ओळ कशी खाली पाण्याकडं ओढून नेते, ऊन एका भिंतीवर राहून दुसरी कशी गार ठेवते, हे आम्हाला नव्यानं दिसलं. रान होतं तेच, वेळ निवडलेली होती. दिवस कलताना आमच्या काळ्या रानावरचं ऊन आडवं होतं, प्रत्येक ढेकळाला सावली फुटते आणि सपाट माळाला खोली येते. सर फलाटावर हेच सांगत होते. सिनेमाच्या उत्तरार्धात, परमुलखातल्या वस्तीत, तो सोनेरी उजेड काढून घेतलाय. रंग उतरतात, जागा दाटत जाते. आणि शेवटी संगीतही काढून घेतलंय. आवाज नाही, फक्त एका लेकराची पावलं. थिएटरमधून बाहेर पडताना आमच्या घरातलं कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आपला माळ एवढा देखणा हाय, आन् त्याच माळावर असं घडतं." तिनं दोन्ही एकत्र बघितलं होतं. चित्र बघणं म्हणजे तेच.

त्यानंतर बाहेरगावची पोरं गाड्या करून त्या झाडाखाली, त्या विहिरीवर फोटो काढायला येऊ लागली. जेऊर स्टेशनवर उतरून लोक पत्ता विचारू लागले. ज्या रानाला आम्ही चादरीआड लपवत होतो ते रान बघायला माणसं येत होती. घरात एक वेगळाच ताठपणा आला. आक्कानं तिचा तो अख्खा फोटो मोठा करून घेतला, कोनाड्यासकट आणि बोटांसकट, आणि फ्रेम करून बैठकीत लावला.

ही जाण एकट्या सिनेमाची नाही. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांचे आणि वारीचे फोटो काढून त्यांची पुस्तकं केली. तमाशाच्या पुस्तकात कनातीच्या मागचं जगणंही आहे. रंग लावणारी, लेकरू सांभाळणारी, ट्रकवर झोपणारी माणसं. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांना त्यांच्या कामाच्या जागी जाऊन टिपलं. दोघांनीही माणसाला त्याच्या जागेवरून उठवून पडद्यापुढं आणलं नाही. ते स्वतः त्या जागी गेले. आमच्या पिढीनं स्टुडिओतल्या खुर्चीपासून इथपर्यंतची वाट आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून या कामाची किंमत आम्हाला नीट कळते.

आता नातवंडांच्या हातात फोन आहे. त्यात रोल संपत नाही, लाल खिडकी नाही, उजेडाची खूण तो आपणच लावतो. त्यात पोर्ट्रेट मोड नावाची सोय आहे. माणूस तेवढा धारदार राहतो आणि मागचं सगळं विरघळून जातं. चेहरा सुरेख दिसतो, यात शंका नाही. पण ती सोय आईवर वापरलेली पाहिली की आम्हा सगळ्यांना अस्वस्थ व्हायला होतं. तिच्या मागं तिची चूल आहे, पत्र्याची शेगडी आहे, भांड्यांची मांडणी आहे, ज्या दारातून ती आयुष्यभर आत-बाहेर करत आली ते दार आहे. ते सगळं धुकं होऊन जातं. कारंज्याचा पडदा, बर्फाचे डोंगर आणि हे धुकं, तिन्हींचं काम एकच.

म्हणून दिवाळीला सगळे जमले की आम्ही एक काम करतो. फ्रेमा खाली काढतो, फोटो उलटे करून मागं मऊ पेन्सिलीनं नाव, जागा आणि वर्ष लिहितो. बॉलपेन वापरत नाही, ते पुढून उमटतं. ज्यांना आठवतं ती माणसं आहेत तोवर हे व्हायला हवं. आठवणारं माणूस गेलं की फोटोतला माणूस निनावी होतो. आणि मग पोरांना फोन घेऊन अंगणात काढतो. त्यांना शिकवण्यासारखं आमच्याकडं फार नाही. ऊन कुठून येतंय ते बघ. सकाळी किंवा दिवस कलताना काढ. आजीला नटवून खुर्चीत बसवू नको, ती ज्वारी निवडत असेल तिथंच काढ. आणि दोन पावलं मागं सर. एवढं केलं की घर येतं, अंगण येतं, कडेला रेल्वेचा खांब येतो. चेहरा थोडा लहान होतो, त्याची काळजी करू नको. आपली माणसं कुठं राहिली, कशावर जगली, हे पुढच्यांना त्या फोटोतून कळलं पाहिजे, कुणाला विचारायला न जाता.